दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ?
खिशातल्या संगीतयंत्राच्या निमित्ताने एका समजुतीची तपासणी

'गरज ही शोधाची जननी' हे वाक्य निबंधांतून लिहून लिहून गुळगुळीत झाले. १९९१ नंतर त्याच्या शेजारी आणखी एक वाक्य येऊन बसले : 'स्पर्धेमुळे नवे शोध लागतात.' वक्तृत्वाच्या भाषणात, निबंधात, कधी आपल्या स्वत:च्या तोंडीही ते सहज येते. पुरावा म्हणून बहुधा खिशात मावणारी गाण्याची यंत्रे दाखवली जातात. सोनीने वॉकमन काढला, इतरांनी त्याच्याशी चढाओढ केली, यंत्र लहान आणि स्वस्त झाले. पुढे ॲपलने आयपॉड काढून सगळ्यांवर मात केली. मोठ्या कंपन्या भांडल्या आणि फायदा आपला झाला. आपली जुनी म्हण तरी वेगळे काय सांगते? दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ.

विज्ञान शिकवणाऱ्याने असे वाक्य ऐकले की ते तपासायला घ्यावे. ते नेहमी खरे ठरते का? कुठे खोटे ठरते? खरे ठरते तेव्हा सोबत आणखी कोणती गोष्ट हजर असते? खिशातल्या संगीतयंत्राचा साठ वर्षांचा इतिहास या तपासणीला फार सोयीचा आहे. जवळजवळ सारखाच प्रयोग त्यात अनेकदा झाला आहे आणि उत्तरे मात्र वेगवेगळी आली आहेत.

मालकाच्या टेबलावरून

वॉकमनची गोष्ट जगभर पोचवण्यात सोनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांच्या 'मेड इन जपान' (१९८६) या आत्मकथनाचा मोठा वाटा आहे. त्यांचे सहसंस्थापक मासारू इबुका यांना चालता-फिरता संगीत ऐकायचे होते, पण हाताशी असलेले यंत्र जड होते. मोरितांनी एका लहान टेपरेकॉर्डरमधला रेकॉर्डिंगचा भाग काढायला लावला आणि त्याला हलके हेडफोन जोडायला सांगितले. 'रेकॉर्ड न करणारा टेपरेकॉर्डर कोण घेईल?' अशी शंका कंपनीतल्या लोकांनीच काढली. मोरितांनी ती मानली नाही. १ जुलै १९७९ रोजी पहिला वॉकमन ३३,००० येनला विक्रीला आला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

पुस्तक वाचनीय आहे, पण पुरावा म्हणून ते वापरताना दोन गोष्टींकडे लक्ष ठेवायला हवे. पहिली अशी की, या कथेत शोध स्पर्धेतून लागतच नाही. तो वरिष्ठांच्या हट्टातून लागतो आणि प्रतिस्पर्धी येतात ते नंतर, नक्कल करायला. म्हणजे स्पर्धेचे उदाहरण म्हणून आपण जी गोष्ट सांगतो, ती मालकाच्या तोंडून ऐकली तर स्पर्धेचे उदाहरण राहत नाही. दुसरी गोष्ट अशी की, सोनीच्या बाहेरही हीच कल्पना सुचलेली होती. आंद्रेआस पावेल यांनी पट्ट्याला लावून ऐकायच्या स्टिरिओ यंत्राच्या पेटंटसाठी १९७७ मध्ये इटलीत अर्ज केला होता. त्यांचे आणि सोनीचे भांडण पुढे पंचवीसेक वर्षे चालले आणि तडजोडीने मिटले. एकट्या महापुरुषाच्या गोष्टीत अशी माणसे मावत नाहीत.

तरी खरी उणीव याहून मोठी आहे. वॉकमनच्या पोटात जी कॅसेट बसत होती, ती सोनीची नव्हती.

रुळांची रुंदी

कॅसेट फिलिप्सची. लू ओटेन्स यांच्या हाताखालच्या तंत्रज्ञांनी बेल्जियममधल्या हासेल्ट येथे ती तयार केली आणि १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. यंत्र केवढे असावे हे ठरवण्यासाठी ओटेन्स यांनी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा करून घेतला होता. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर ठरला.

त्याच सुमारास जर्मनीतल्या ग्रुंडिग कंपनीने वेगळ्या मापाची कॅसेट पुढे आणली. जपानी कंपन्यांनी कोणती निवडावी, हा प्रश्न उभा राहिला. फिलिप्सला आपल्या कॅसेटवर स्वामित्वशुल्क हवे होते. सोनीने ते द्यायचे नाकारले आणि ग्रुंडिगकडे जाण्याची शक्यता उघडी ठेवली. अखेर १९६५ च्या सुमारास फिलिप्सने शुल्क सोडले. कॅसेट कुणीही बनवावी, फक्त मापे तंतोतंत पाळावीत, एवढीच अट ठेवली.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वाचकांना या अटीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. गोंदिया–चांदा फोर्ट मार्ग नव्वदच्या दशकापर्यंत नॅरोगेज होता आणि नागपूर–नागभीडची छोटी गाडी २०१९ पर्यंत धावत होती. रुळांची रुंदी बदलली की माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागतो. रुंदी एकच असेल तर कुणाचेही इंजिन आणि कुणाचेही डबे चालतात. फिलिप्सने एका अर्थी रुळांची रुंदी जाहीर करून टाकली. हे काम औदार्याने झाले नाही. ग्रुंडिगशी असलेल्या चढाओढीमुळे आणि सोनीच्या दबावामुळे झाले. स्पर्धेच्या खात्यावर जमा करावी अशी ही पहिली नोंद आहे.

१९७९ नंतर काय झाले ते आता नीट समजते. आयवा, तोशिबा, पॅनासॉनिक अशा अनेकांनी खिशातली यंत्रे काढली. कॅसेट सर्वांची सारखीच, त्यामुळे ग्राहकाला बांधून ठेवण्याची सोय कुणालाच नव्हती. चढाओढीला उरल्या त्या आकार, वजन, बॅटरीचा खर्च, आवाजाची स्थिरता आणि किंमत एवढ्याच बाबी. सोनीने १९८३ मध्ये कॅसेटच्या डबीएवढा वॉकमन काढला. इथे आपली म्हण शंभर टक्के खरी ठरते.

लाल बटण

आता आपल्याकडे येऊ. ध्वनिमुद्रिकांच्या काळात भारतात एचएमव्हीचे, म्हणजे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे, जवळजवळ एकछत्री राज्य होते. तबकडी छापायला मोठा कारखाना लागे आणि वाजवायला महागडे यंत्र. सत्तरच्या दशकात आखाती देशांत कामाला गेलेली माणसे येताना टू-इन-वन घेऊन येऊ लागली. ऐंशीच्या दशकात कॅसेट बनवणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्या देशभर उभ्या राहिल्या. त्यात गुलशन कुमार यांची टी-सिरीज सर्वात मोठी झाली. पीटर मॅन्युएल यांच्या 'कॅसेट कल्चर' (१९९३) या पुस्तकात हा सगळा इतिहास उत्तर भारताच्या अंगाने मांडला आहे. मोरितांचे पुस्तक मालकाच्या टेबलावरून लिहिलेले, तर हे बाजारात उभे राहून लिहिलेले आहे. मॅन्युएल यांचा निष्कर्ष असा की, कॅसेटने संगीताचा धंदा मूठभरांच्या हातून सोडवला आणि बोलीभाषांतली, प्रदेशांतली, लहान समूहांची गाणी बाजारात आली. चोरीच्या कॅसेटी, सवंग गाणी आणि विखारी भाषणे याच वाटेने आली, हेही ते लपवत नाहीत. मराठी मुलुख या पुस्तकात ओझरताच येतो, ही आपल्या दृष्टीने उणीव आहे.

ती भरून काढायला घुग्घुससारखे गाव बरे. वर्धा नदीकाठचे हे गाव कोळसा खाणींचे, सिमेंटचे आणि स्पंज आयर्नचे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींत आणि कारखान्यांत कामाला आलेली माणसे मराठी, हिंदी, तेलुगू बोलणारी, आणि आसपासच्या मुलखात गोंडी. एकाच वस्तीतल्या घराघरांतून वेगवेगळ्या भाषांतली गाणी ऐकू येतात. एका मोठ्या कंपनीने इतक्या जणांची आवड सांभाळणे धंद्याच्या हिशेबात बसत नाही. लहान कंपन्यांच्या हिशेबात ते बसले. वामनदादा कर्डकांची गीते आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज कॅसेटने वस्त्यावस्त्यांत नेले. नागपूरच्या आणि चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर ऑक्टोबरात पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटी विकल्या जात.

मोरितांच्या गोष्टीत ज्याला स्थान नाही असे एक बटण इथे महत्त्वाचे ठरले. टू-इन-वनवरचे, बहुधा लाल खुणेचे, रेकॉर्डिंगचे बटण. जगाने ज्याला क्रांती म्हटले त्या वॉकमनने हेच बटण काढून टाकले होते. (पुढे रेकॉर्डिंगचे वॉकमनही निघाले, पण मूळ कल्पना फक्त ऐकण्याची होती.) खेड्यातल्या भजनी मंडळाला, दंडार खेळणाऱ्यांना, शाळेच्या स्नेहसंमेलनाला मात्र ते बटण हवेच होते. 'नवे' म्हणजे काय, याचे उत्तर ऐकणाऱ्याच्या बाजूने एक येते आणि गाणाऱ्याच्या बाजूने दुसरे. मोठ्या कंपन्यांची स्पर्धा पहिल्या बाजूने चालली. दुसरी बाजू स्वस्त, ढोबळ, खिशात न मावणाऱ्या यंत्रांनी सांभाळली.

जेव्हा रूळच वेगळे टाकले

१९९२ मध्ये पुन्हा तेच दोन पैलवान आखाड्यात उतरले, पण या वेळी प्रत्येकाने रूळ वेगळे टाकले. फिलिप्सने मात्सुशिताच्या साथीने डिजिटल कॉम्पॅक्ट कॅसेट आणली आणि सोनीने मिनिडिस्क. दोन्हींमागचे शास्त्र सख्ख्या भावंडांसारखे होते. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही. ढोल वाजत असताना टाचणी पडल्याचे कळत नाही, तसेच हे. जे ऐकूच येणार नाही ते साठवायचे कशाला? सीडीवर एका सेकंदाला १४,११,२०० बिट लागतात. फिलिप्सच्या कॅसेटने हे काम ३,८४,००० बिटांत केले आणि मिनिडिस्कने सुमारे २,९२,००० बिटांत.

म्हणजे शास्त्र उत्तम, तंत्रज्ञ उत्तम, स्पर्धा तीव्र आणि पैसा मुबलक. तरी तिसऱ्याला लाभ झाला नाही. एकाची कॅसेट दुसऱ्याच्या यंत्रात चालेना. कोणता पक्ष जिंकेल हे कळेपर्यंत खरेदी थांबवावी, असा शहाणा विचार बहुतेक ग्राहकांनी केला. फिलिप्सने १९९६ मध्ये आपली कॅसेट गुंडाळली. मिनिडिस्क जपानात टिकली, इतरत्र मर्यादित राहिली. आपल्या बाजारात ही नावेही फारशी कुणी ऐकली नाहीत.

आणखी एक गाठ होती. सोनीने १९८८ मध्ये सीबीएस रेकॉर्ड्स विकत घेतली होती आणि पॉलिग्राम फिलिप्सच्या ताब्यात होती. यंत्र विकणाऱ्याच्याच घरात गाण्याची मालकी आली. मग यंत्राने चांगली नक्कल करावी, पण फार नक्कल करू नये, अशी विचित्र अपेक्षा निर्माण झाली. दोन्ही यंत्रांत नकलेची डिजिटल नक्कल रोखणारी व्यवस्था घातलेली होती. तंत्रज्ञाने एका हाताने दार उघडायचे आणि दुसऱ्या हाताने त्याला कडी घालायची, असा हा मामला.

छापून टाकलेला नियम

त्याच वर्षांत एका समितीच्या टेबलावर वेगळेच काही चालले होते. चित्र आणि आवाज यांच्या संकोचनाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या एमपेग या गटापुढे दोन प्रमुख प्रस्ताव होते. एकात फिलिप्स होती, दुसऱ्यात जर्मनीची फ्राउनहोफर संस्था आणि अमेरिकेची एटी अँड टी. एकाला पूर्ण हरवण्याऐवजी तीन 'स्तर' असलेले मानक ठरले आणि ते १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या तिसऱ्या स्तराला आपण एमपीथ्री म्हणतो.

एमपीथ्री फुकट नव्हते. २०१७ पर्यंत त्याच्या पेटंटचे शुल्क आकारले जात होते. पण नियम छापलेला होता आणि शुल्क भरून कुणालाही यंत्र बनवता येत होते. हे दार मोठ्यांनी आधी ओलांडले नाही. १९९८ मध्ये कोरियाच्या साएहान कंपनीचे 'एमपीमॅन' आले आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या डायमंड कंपनीचे 'रिओ'. रिओत ३२ मेगाबाइट स्मृती होती. सेकंदाला १,२८,००० बिट धरले तर चार मिनिटांचे गाणे ३.८४ मेगाबाइटचे होते, म्हणजे रिओत आठ गाणी मावत. अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने डायमंडवर खटला भरला. १९९९ मध्ये न्यायालयाने डायमंडच्या बाजूने कौल दिला, म्हणून पुढची वाट मोकळी झाली. शोधाच्या इतिहासात न्यायाधीशांचाही वाटा असतो, हे वर्गात सांगायला हरकत नाही.

त्या वेळी सोनी कुठे होती? १९९९ च्या अखेरीस तिनेही चिपवर चालणारा वॉकमन काढला. पण त्यात गाणी तिच्या स्वत:च्या पद्धतीत रूपांतर करूनच भरावी लागत. एमपीथ्री थेट वाजवणारी यंत्रे तिने २००४ च्या अखेरीस आणली. ज्या कंपनीने १९६५ मध्ये दुसऱ्याला दार उघडायला लावले, तिने स्वत:चे दार पाच वर्षे लावून ठेवले. तंत्रज्ञान कमी पडले असे म्हणता येत नाही. गाण्यांची मालकी आड आली.

आयपॉडचे मोजमाप

२३ ऑक्टोबर २००१ रोजी आलेल्या आयपॉडची स्तुती करताना शिल्लक काय राहते, तेही पाहू. ५ गिगाबाइटची १.८ इंची तबकडी तोशिबाची होती. आतला मुख्य चिप पोर्टलप्लेअर या लहान कंपनीचा. तबकडीवर चालणारे मोठे यंत्र सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने २००० मध्येच काढले होते. गाण्यांच्या याद्यांमधून वाट काढण्याच्या पद्धतीवर क्रिएटिव्हला पुढे पेटंट मिळाले आणि २००६ मध्ये ॲपलने तिला १० कोटी डॉलर देऊन तंटा मिटवला. ॲपलचे श्रेय जुळणीचे : आकार, चाक, संगणकाशी जोडणी, सोपेपणा. हे श्रेय लहान नाही. हजार गाण्यांतून एक गाणे अंगठ्याने शोधता येणे हा खराखुरा शोध आहे.

पण २००३ मध्ये गाण्यांचे दुकान उघडल्यावर ॲपलनेही कुलूप घातले. तिथे घेतलेली गाणी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालत नसत. हे कुलूप २००९ मध्ये निघाले. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये 'झून' काढले, तर त्यावर मायक्रोसॉफ्टच्याच आधीच्या व्यवस्थेतली विकत घेतलेली गाणी वाजेनात. दोन महाबलाढ्य कंपन्यांच्या झुंजीतून निघालेले हे यंत्र २०११ मध्ये बंद झाले. आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. त्याला कुणा प्रतिस्पर्ध्याच्या संगीतयंत्राने हरवले नाही. फोनने गिळले.

आपल्या गावांत हे गिळणे वेगळ्या रीतीने झाले. तैवानच्या मीडियाटेक कंपनीने फोनची जवळजवळ तयार जुळणी चिपसोबत द्यायला सुरुवात केली, तेव्हा चीनमधले लहान कारखानदार मोठ्या आवाजाचे, स्मृतिपट्टी बसणारे स्वस्त फोन करू लागले. २००८ नंतर मायक्रोमॅक्स, कार्बन, लाव्हा ही नावे आपल्या बाजारात दिसू लागली. घुग्घुससारख्या गावांत ज्यांच्या हाती आयपॉड कधी आलाच नाही, त्यांनी मोबाईलच्या दुकानात थोडे पैसे देऊन स्मृतिपट्टी गाण्यांनी भरून घेतली. ही नक्कल कायद्यात बसत नव्हती आणि गायकाला त्यातून काही मिळत नव्हते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्याच फोनने हरवलेले लाल बटणही परत आणले. आजीच्या ओव्या आता नातीला टिपून ठेवता येतात.

वाक्य दुरुस्त करू

एवढ्या नोंदी पुढे ठेवल्या की मूळ वाक्य जसेच्या तसे टिकत नाही. १९७९ नंतर चढाओढ झाली आणि लाभ झाला. १९९२ मध्ये तितकीच चढाओढ झाली आणि लाभ झाला नाही. कंपन्या मोठ्याच होत्या, दोनदा तर त्याच होत्या. बदलला तो स्पर्धेचा विषय. सर्वांच्या रुळांवर कोण चांगली गाडी चालवतो, यावर स्पर्धा असेल तर शोध प्रवाशापर्यंत पोचतात. रूळ कुणाच्या मालकीचे, यावर असेल तर प्रवासी फलाटावर बसून राहतो. शिवाय तिसऱ्याला नुसते बघत उभे राहून लाभ होत नाही. त्याला स्वत: आत शिरता आले पाहिजे, मग तो टी-सिरीज असो, साएहान असो की गावातले भजनी मंडळ.

ही कसोटी आजही लावता येते. जुन्या ग्रामोफोन कंपनीचे नाव २००० मध्ये 'सारेगामा' झाले आणि २०१७ मध्ये तिने पाच हजार गाणी आधीच भरलेले 'कारवाँ' काढले. वडीलधाऱ्यांना ते आवडते, कारण काही शिकावे लागत नाही. सोपेपणाचा तो चांगला शोध आहे, पण निवड आधीच कंपनीने केलेली आहे. इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या सेवांत गाणी लाखोंनी आहेत, मात्र हातात काही राहत नाही. वर्गणी थांबली किंवा सेवा बंद पडली की संग्रह संपला. गोंडी किंवा झाडीबोलीतले गाणे तिथे चढवता येते, पण ते कुणाच्या कानी घालायचे हे यादी लावणारी कंपनी ठरवते. स्पर्धा इथेही जोरात आहे. ती कशावर आहे, हे मुलांना विचारू द्यावे.

वर्गात करण्यासारखे

(१) घरातली जुनी कॅसेट आणायला सांगा. ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटे चालते. वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, तर फितीची लांबी किती? उत्तर साधारण ८६ मीटर येईल. निकामी कॅसेट असेल तर फीत मैदानावर पसरून मोजा. उत्तर थोडे जास्त का येते, याची चर्चा करा.

(२) चार मिनिटांच्या गाण्याला सीडीवर किती बाइट लागतील? (१४,११,२०० × २४० ÷ ८.) एमपीथ्रीशी तुलना करा. अकरापट फरकातले काय गळले आणि ते आपल्याला का जाणवले नाही?

(३) चार्जरची पिन, बॅटरीचे सेल, सायकलची ट्यूब, गॅसचा रेग्युलेटर, नटबोल्ट. यांपैकी कोणत्या वस्तू कुणाच्याही चालतात आणि कोणत्या एकाच कंपनीच्या लागतात, याची यादी मुलांना गावातल्या दुकानांत फिरून करू द्या. प्रत्येक वस्तूपुढे दोन प्रश्न लिहायला सांगा : हे माप कोणी ठरवले? आणि गावातल्या कारागिराला ही वस्तू बनवता किंवा दुरुस्त करता येते का?

(४) यादी झाल्यावर 'स्पर्धेमुळे नवे शोध लागतात' या वाक्यावर निबंध द्या. अट एकच : एक उदाहरण वाक्याच्या बाजूने आणि एक विरुद्ध बाजूने द्यायचे, आणि दोन्ही गावातलीच हवीत.